'सूचित संमती' या शब्दाविषयी

प्रश्न (सातारा) :
समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी मी माण तालुक्यातील स्त्रियांच्या मुलाखती घेणार असून संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे) ठेवण्याच्या पत्रकाचा मराठी मसुदा करीत आहे. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'साठी (म्हणजे अभ्यासाची माहिती देऊन घेतलेल्या संमतीसाठी) 'सूचित संमती', 'सज्ञान संमती' आणि 'माहितीपूर्ण संमती' असे तीन शब्द आढळले. यांपैकी कोणता घ्यावा, आणि सरळ 'परवानगी' म्हटले तर काय बिघडते?

उत्तर (सांगली) :
'सज्ञान' म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेला, त्यामुळे तो शब्द येथे लागूच पडत नाही. 'सूचित' अधिक फसवा आहे. कार्यालयीन मराठीत 'सूचित करणे' म्हणजे कळवणे हे खरे, पण एरवी 'सूचित अर्थ' म्हणजे उघड न बोलता ध्वनित झालेला अर्थ. म्हणजे 'सूचित संमती' वाचणाऱ्याला ती मान हलवण्यावरून गृहीत धरलेली संमती वाटेल, आणि नेमके हेच या संकल्पनेला टाळायचे आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास झाला. त्यांना 'रक्त बिघडले आहे, त्यावर उपचार करतो' असे सांगितले गेले होते. ते आपल्या पायांनी आले होते, पण कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून 'माहितीपूर्ण' चालेल. मी मात्र 'समजून दिलेली संमती' असे लिहितो.

आता 'परवानगी'. ती अधिकार असलेला माणूस देतो, आणि संमती ज्याची त्याची असते. विट्याकडच्या एका गावात गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी नवरा परमुलखात असलेल्या बाईंनी आम्हाला "ह्यांस्नी इचारून सांगते" म्हटले आणि फोन लावला. पलीकडून "घ्या की मुलाखत, त्यात काय!" असे उत्तर येताच आमच्या सहकाऱ्याने पत्रकावर बरोबरची खूण केली. बाई चुलीपुढेच उभ्या होत्या, आणि त्यांना कोणी विचारलेच नाही. सरपंचांनी गावात येऊ देणे, मुकादमाने मजुरांशी बोलू देणे, या साऱ्या परवानग्याच. त्या आवश्यक असतात, पण त्यांनी संमतीची जागा भरत नाही.

प्रश्नकर्ती :
हा भेद पटला. पूर्वचाचणीत एक आजी मोकळेपणी बोलायला तयार होत्या, पण अंगठ्याची गोष्ट निघताच "कागद सोसायटीचा हाय का?" म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतला. हा नकार समजावा काय?

उत्तर (सांगली) :
बोलण्याला होकार आणि कागदाला नकार, असे समजावे. कर्जाच्या कागदाशी जोडलेला 'अंगठा' हा शब्दच पत्रकातून काढावा. निःपक्ष साक्षीदारासमोर तोंडी संमती घेता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरक्षरांसाठी अशा साक्षीदाराची सोय आहे. ('साक्षीदार' म्हटले की कोर्ट आठवते, म्हणून मी 'सोबतची व्यक्ती' म्हणतो.) त्याच तत्त्वांत सात ते अठरा वर्षांच्या मुलांची स्वतःची तयारीही पालकांच्या संमतीबरोबर विचारायला सांगितली आहे, तिच्यासाठी 'रुकार' हा आपला जुना शब्द मला योग्य वाटतो, कारण त्याला कायद्याचा वास येत नाही.