न तापता उजळणाऱ्या गोष्टी : तुम्ही काय पाहिलंय?

परवा रात्री पंचवटीत लाइट गेली होती. आजीने प्रसादाची खडीसाखर अडकित्त्यात धरून कटकन फोडली आणि निळसर ठिणगी चमकून गेली. मी ओरडलोच. आजी शांतपणे म्हणाली, "अरे, आम्ही लहानपणी हाच खेळ खेळायचो." खडा फुटताना वीजभार वेगळे होतात आणि हवेतला नायट्रोजन क्षणभर उजळतो, हे नंतर वाचलं. जाळ नाही, बल्ब नाही, तरी उजेड! असं काही पाहिलं असेल तर लिहा.

दिंडोरीहून : आमच्याकडे विंचू! बागेला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, कारण वीज तेव्हा येते. साध्या बॅटरीत ढेकूळ कोणतं, विंचू कोणता, कळत नाही. भाच्याने यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची टॉर्च आणून दिली. बांधावर मारली तर चार हिरवट-निळे विंचू लखलखीत! इतकी वर्षं अनवाणी फिरलो त्याची भीती त्या रात्री वाटली. ही चमक त्याच्या कातडीत असते. न दिसणारे अतिनील किरण ती घेते आणि दिसणारा उजेड बाहेर टाकते. टॉर्च बंद, की चमक बंद. मेलेला विंचूही चमकतो. नुकतीच कात टाकलेला मात्र नाही, त्यामुळे बूट घालाच.

नाशिकरोडहून : तीच टॉर्च नोटेवर मारा. नंबर उजळतो आणि कागदातले बारीक तंतूही. वडील इथल्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते, पण हे त्यांनी कधी सांगितलं नाही. घरी प्रेसचं बोलायचंच नाही, हा नियम. जाता जाता : गाडीवरचं 'रेडियम' यात धरू नका. ते स्वतः उजळत नाही, हेडलाइट परत फेकतं.

सिडकोहून : मुलीच्या खोलीत छतावर चांदण्या चिकटवल्यात. त्या दिवा बंद केल्यावरही उजळत राहतात. उजेड साठवतात आणि हळूहळू सोडतात. पहाटेपर्यंत विझतात.

इंदिरानगरहून : घोटीमार्गे भंडारदऱ्याला, पावसाच्या तोंडावर. अख्खं झाड लुकलुकत होतं. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं रसायन आणि ऑक्सिजन यांची गाठ पडते, उष्णता जवळजवळ नाहीच. एक मनगटावर बसला, काहीच ऊब नव्हती. मग मागून गाड्या आल्या, हेडलाइट लावून. झाड अंधारलं. कुणीतरी विचारलं, "शो संपला का?"

सातपूरहून : आत्ताच खडीसाखर फोडली. काहीही दिसलं नाही.

पंचवटी : साखर सादळलेली नाही ना? दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आणि आधी हातातला मोबाईल खाली ठेवा.