मधुमेह निघाल्यावर ‘रोज चालत जा’ एवढं सांगून भागतं का?

निळाई (धागाकर्ती): चाळिशी-पन्नाशीत मधुमेह निघाला की गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते आणि वर तोंडी सल्ला, ‘रोज चालत जा’. गोळी किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर, सगळं लिहिलेलं असतं. व्यायाम कुठला, किती, कधी, याबद्दल चिठ्ठीवर अवाक्षर नाही. माझ्या मते हे अर्धेच उपचार झाले. रक्तातली साखर खपवण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत ओढून घेतो. ज्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही त्यांना याहून हक्काचा मार्ग कुठला? वयानुसार स्नायू झिजतात ते वेगळंच. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशीत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, पण जोडीला आठवड्यातून २-३ वेळा ताकदीचा व्यायामही आहे, आणि सलग २ दिवसांपेक्षा जास्त खाडा नको असंही आहे. पेशंटच्या कानावर यातलं चालणं तेवढं पडतं.

पायवाट: अजिबात पटलं नाही. रिपोर्ट हातात आल्यावर माणूस आधीच हादरलेला असतो. पथ्य नवीन, गोळ्या नवीन, बोट टोचून साखर बघणं नवीन. त्यात वजनं उचला म्हटलं की सगळंच सुटतं. माझ्या भावाने जोशात जिम लावली, गुडघा धरला आणि मग चालणंही बंद पडलं. जेवणानंतर १५ मिनिटं चालून या आणि ग्लुकोमीटर लावून बघा, आकड्यात फरक दिसतो. तो दिसला की माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून बाहेर पडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातही आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यासारखाच व्यायाम होता आणि मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता.

निळाई: पायवाट, तो अभ्यास मधुमेह व्हायच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर होता, आणि त्यांनी आहार सांभाळून वजनही उतरवलं होतं. ते श्रेय एकट्या चालण्याचं नाही. शिवाय जिम लावा असं मी म्हटलेलंच नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसायचं, भिंतीला तळवे लावून जोर मारायचे, रबरी पट्टा ताणायचा. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

मध्यरात्र: तुम्ही दोघंही टाइप २, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तो मधुमेह, धरूनच बोलताय. मोठ्या वयात टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच बंद पडत जातं तो, सुद्धा होतो, मला झाला. वजन भराभरा उतरत होतं, तहान भागत नव्हती, आणि मला सांगितलं जात होतं, ‘व्यायाम वाढवा’. टाइप १ ओळखणारी अँटिबॉडीची तपासणी व्हायला फार उशीर झाला, याचा राग अजून आहे. मला व्यायामाची नाही, इन्सुलिनची गरज होती.

आता व्यायाम करते, पण प्रत्येक प्रकार वेगळा वागतो. जोर लावून वजनं उचलली तर साखर आधी चढते, कारण ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं. लांब चालून आले तर रात्री झोपेत उतरते. तळवे ओले, छातीत धडधड, पाकीट फोडायला बोटं वळत नाहीत. म्हणून ग्लुकोज उशाशी असतं. इन्सुलिनवर असाल आणि व्यायामाआधी आकडा ९०च्या खाली असेल तर आधी थोडं खा. २५०च्या वर असेल आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. ‘व्यायामाने साखर उतरते’ हे अर्धवट वाक्य आमच्या जिवावर बेतू शकतं.

पायवाट: हे वाचून माझं मत आणखीच पक्कं झालं. टाइप २ सुद्धा पुष्कळदा वर्षानुवर्षं लपून असतो, म्हणून निदान होताच डोळ्यांचा पडदा आणि तळपाय तपासायला सांगतात. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर दम रोखून वजन उचलणं घातक. आधी तपासण्या, तोवर चालणं.

निळाई: तपासण्या हव्यातच. पण त्या स्वच्छ आल्यावर पुढचं कोण सांगतं? तिथेच तर सगळे गप्प होतात.

नवखी: मी ग्लिमेपिराइड घेते. हा इन्सुलिनवाला धोका मलाही आहे का?

मध्यरात्र: हो ताई, आहे. नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर साखर सहसा फार खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. व्यायाम वाढवायच्या आधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. आकडा ७०च्या खाली गेला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि तोवर बसून राहा.