विजेच्या खांबापासून दूर: गाडीतली बॅटरी कशी भरता, कशी जपता?

अ‍ॅरिझोनाहून

थंडी पडू लागली की क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात मोटरहोमवाल्यांची वस्ती होते. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात तिथल्या सरकारी जमिनीवर परवाना काढून राहता येतं. पाणी भरायची, सांडपाणी सोडायची सोय आहे. वीज ज्याने त्याने आपापली आणायची. निवृत्तीनंतर आम्ही दोघं हिवाळा तिथेच काढतो, आणि संध्याकाळी कोणाच्याही दारात खुर्ची टाकली की बोलणं बॅटरीवर येतंच. हेच बोलणं मराठीत व्हावं अशी फार इच्छा होती, म्हणून हा धागा. कोणती बॅटरी आहे, कशावर भरता, सगळ्यात जास्त वीज काय खातं, मोकळेपणी लिहा.

सुरुवात मी करते. आमच्याकडे 6 व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत, गोल्फच्या गाड्यांत असतात तशा. दोन-दोन सिरीजमध्ये, मग त्या जोड्या पॅरलल. मिळून 12 व्होल्ट आणि साधारण 440 अ‍ॅम्पियर-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, असं धरून चालायचं. घरच्या इन्व्हर्टरची सवय असलेल्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. घरी लाइट आली की बॅटरी गच्च भरते. इथे ती दिवसच्या दिवस सत्तर-ऐंशी टक्क्यांवर राहते, प्लेटांवर सल्फेट जमून कडक होतं आणि क्षमता जाते ती जातेच. वापरून जेवढ्या बॅटऱ्या मरत नाहीत तेवढ्या अर्धवट भरल्याने मरतात, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून जनरेटर मी सकाळी लावते, संध्याकाळी नाही. सकाळी बॅटरी रिकामी असते, भरपूर करंट घेते. ऐंशी टक्क्यांच्या पुढे ती हळूहळू घ्यायला लागते. तेव्हा जनरेटर चालू ठेवणं म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं. ते शेवटचे वीस टक्के भरायला काही तास लागतात, आणि तेवढे तास सूर्याकडे असतात. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 33 अंशांवर असतो, त्यामुळे छतावरची पॅनेलं दक्षिणेकडे कलती करून ठेवते. पहाटे, पॅनेलवर ऊन यायच्या आधी, सगळं बंद करून थोड्या वेळाने व्होल्टेज बघते. 12.6 च्या पुढे म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्म्यावर आलेली. फ्रिज चालू असताना दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

मेलबर्नहून

ताई, तुमच्याकडे पॅनेलं दक्षिणेकडे, आमच्याकडे उत्तरेकडे! मूळची नाशिकची मंडळी इथे आली की सुरुवातीला हमखास गोंधळतात.

आमचा फिरण्याचा भाग म्हणजे नलरबॉर, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं ओसाड मैदान. सेडूनापासून नॉर्समनपर्यंत सुमारे 1,200 किलोमीटर, मध्ये मोजके रोडहाऊस. उन्हाळ्यात खरा प्रश्न सावलीचा. गाडी झाडाखाली लावली की आत बसवतं, पण छतावरचं पॅनेल निकामी होतं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी वीज धाडकन खाली येते. उन्हात लावली की फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. आम्ही घडीचं पॅनेल घेतलं. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात, मध्ये लांब जाड केबल. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा डबा, पॅनेलला चिकटवलेला येतो, तो काढून बॅटरीजवळ बसवा. नाहीतर केबलमध्ये होणारी घट त्याला कळत नाही आणि बॅटरीपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही.

आणि 100 वॉटच्या पॅनेलकडून 100 वॉट मागू नका. चांगल्या उन्हात दिवसाला 300 ते 400 वॉट-तास मिळाले तर छान म्हणायचं. आमचा फ्रिज एकटा त्यातला बहुतेक वाटा खातो. फ्रिज आदल्या दिवशी घरच्या विजेवर थंड करून, भरून निघतो. पहिल्या दिवसाचा मोठा भार तिथेच टळतो.

पुण्याहून

आम्ही मोठ्या व्हॅनमध्ये घर केलंय आणि दर वर्षी ऑक्टोबरात स्पितीला जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटची 200 अ‍ॅम्पियर-तासांची बॅटरी आहे. वजनाला हलकी, ऐंशी-नव्वद टक्के वापरली तरी चालते, अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही. ताईंची मुख्य काळजी हिला लागूच नाही. पण थंडीचं दुखणं वेगळं आहे. शून्य अंशाखाली ही बॅटरी वीज देते, घेत मात्र नाही. जबरदस्तीने भरली तर आत लिथियमचा धातू साठतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही. चांगल्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या राखणदार सर्किटमध्ये, थंडीत भरणं आपोआप थांबवणारा कट-ऑफ असतो. घेताना तो आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या.

स्पितीतलं काझा 3,600 मीटरच्या वर आहे. सकाळचं ऊन लख्ख असतं, पॅनेल तयार असतं, आणि बॅटरी रात्रभराच्या गारठ्याने घ्यायला तयार नसते. म्हणून आमची बॅटरी गाडीच्या आत, पलंगाखाली. डिझेल हीटर सुरू होताना काही मिनिटं 10 अ‍ॅम्पियरच्या आसपास ओढतो, मग एक-दोनवर येतो. तेवढं द्यायचं, आतली हवा उबदार झाली की बॅटरीही भरू लागते.

अजून एक. लिथियमला आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची, तार थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की आल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. आमचा 30 अ‍ॅम्पियरचा आहे. तीनेक तास गाडी चालली की ऊन नसलेला दिवस निभावतो.

मिक्सर आम्ही नेत नाही. 750 वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरमधून 12 व्होल्टच्या बॅटरीतून 65-70 अ‍ॅम्पियर ओढतो. वाटण खलबत्त्यात होतं आणि चव जास्त चांगली लागते, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे.

मालवणहून

नमस्कार. माझं बॅटरी आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. राज्याने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल विचारणा होते, म्हणून किनाऱ्यापुरतं लिहितो.

खारी हवा टर्मिनलं खाते. हिरवट-पांढरा थर दिसला की जोडण्या सोडवायच्या, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासायचं, बुचं घट्ट लावूनच. सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं. कोरडं पुसून परत आवळायचं आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. सैल टर्मिनल तापतं.

पाणी डिस्टिल्डच. विहिरीचं नाही, आरओ फिल्टरचंही नाही. त्यात क्षार उरतात. बॅटरी भरल्यानंतर पाणी घाला, आधी घातलंत तर भरताना वर येऊन अ‍ॅसिड सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढं मात्र आधी, त्या बुडण्यापुरतं.

घरातली मोठी ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवणारे भेटतात. घाटात ती हिंदकळते, आणि भरताना हायड्रोजन सोडते. ठेवायचीच तर बाहेर हवा जाणाऱ्या पेटीत, पट्ट्याने आवळून. माझा सल्ला सीलबंद एजीएम घ्या असा असतो. तीही लेड-अ‍ॅसिडच, पण अ‍ॅसिड आत शोषलेलं असतं, सांडत नाही.

पावसाळ्यात इथे पॅनेलवर विसंबू नका. जून-जुलैत गाडी चालवूनच भरावी लागते.

स्कॉटलंडहून

मालवणच्या दादांच्या पावसाळ्याला आमचा डिसेंबर सोबती आहे. इनव्हर्नेसला तेव्हा दिवस साडेसहा तासांचा, तोही ढगाळ. पॅनेल काढून टाकावं असं नाही, उभ्या गाडीची गळती तेवढं भरून काढतं: गॅसचा अलार्म, रेडिओची मेमरी, ट्रॅकर. फ्रिज आम्ही मुक्कामी गॅसवर चालवतो. तोच 12 व्होल्टवर ठेवला तर 10 ते 15 अ‍ॅम्पियर सतत खातो आणि साधी 100 अ‍ॅम्पियर-तासांची बॅटरी एका रात्रीत झोपवतो.

पुण्याच्या दादांना विचारायचंय, जुन्या एजीएमला नवी लिथियम पॅरलल जोडता येईल का? इथे काही जण जोडतात.

पुण्याहून

नका जोडू. दोघींचं भरण्याचं आणि थांबण्याचं व्होल्टेज वेगळं. भरलेली लिथियम 13.3 च्या आसपास स्थिर राहते आणि एजीएमला सतत खायला घालत बसते. बदलायची तर सगळी बदला, आणि चार्जर लिथियमच्या सेटिंगवर आहे का तेही बघा. जुन्या चार्जरमध्ये आपोआप इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडला मुद्दाम जास्त व्होल्टेजवर भरणं) होत असेल तर तो 15 व्होल्टच्या वर जाईल आणि बीएमएस बॅटरीची जोडणी तोडेल.

अ‍ॅरिझोनाहून

त्यात माझी एक भर. बॅटरी कुठलीही असो, पॉझिटिव्हच्या टर्मिनलपासून शक्य तितक्या जवळ फ्यूज हवा. 2,000 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर 170 ते 200 अ‍ॅम्पियर घेतो. एवढ्या करंटची केबल कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा कोणीच वाचवत नाही. तो तुकडा वीतभरच ठेवा.