मदत हवी आहे: ‘ॲडोलेसन्स’ तेरा वर्षांच्या मुलासोबत बघावी का?

मंडळी, इंदूरहून लिहितेय. चिरंजीव आठवीत, वय तेरा. नेटफ्लिक्सवरची ‘ॲडोलेसन्स’ 2025 च्या मार्चमध्ये आली तेव्हा राहून गेली होती, ती आम्ही नवरा-बायकोने परवा दोन रात्रींत संपवली. चारच भाग, आणि प्रत्येक भाग सलग एका शॉटमध्ये, त्यामुळे मधे उठून चहा टाकायचंही सुचलं नाही.

कथा इंग्लंडमधली. बाप प्लंबर, घर आपल्यासारखंच साधं. सकाळी सहाला पोलीस दार फोडून शिरतात आणि तेरा वर्षांच्या जेमीला शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून उचलतात. कुणी केलं, यावर मालिका फार वेळ घालवत नाही. पुढे सगळं ‘का’ यावरच.

माझं घोडं अडलंय चौथ्या भागात. बाप बायकोला सांगतो की लहानपणी मला पट्ट्याने मार बसायचा, म्हणून ठरवलं होतं, आपल्या पोरांवर हात उचलायचा नाही. तो शब्द त्याने पाळलाही. पण पोरगं जरा कणखर व्हावं म्हणून त्याला फुटबॉलला नेलं, त्याला ते जमेना, बाकीचे बाप हसायला लागले आणि हा दुसरीकडे बघत राहिला. पोराच्या ते लक्षात होतं.

इथे आमच्या ह्यांनी रिमोट घेऊन मालिका थांबवली आणि गच्चीवर गेले.

कारण सांगते. आमच्या घरात क्रिकेटपटू सी. के. नायडू म्हणजे कुलदैवत! इंदूरच्या होळकर संघाने चारदा रणजी जिंकली हे सासरे आजही पाहुण्यांना पोह्यांबरोबर वाढतात. तर चिरंजीवांना चिमणबागच्या मैदानावर क्रिकेटला घातलं होतं. दोन वर्षं. तो बाद झाला की हे मोबाइल काढून बसायचे. मी पाहिलंय. पोराने पाहिलंय की नाही, ते आता कळेना. क्रिकेट सुटलं, तेव्हापासून त्याच्या खोलीचं दार बंद असतं. आम्ही मराठीत विचारतो, तो हिंदीत एका शब्दात उत्तर देतो, “ठीक.” जेमीच्या आईबापांचंही तेच, तो खोलीत होता, आम्हाला वाटलं सुरक्षित आहे.

आता तो मागे लागलाय, “आप दोनों ने देख ली, मैं क्यों नहीं?” हे ठाम नाही म्हणतात. मला वाटतं सोबत बसून बघावी. कुणी मुलांबरोबर बघितली आहे का? कुठून सुरू करू?

बडोदेकर_आत्या: मी भाच्याबरोबर फक्त दुसरा भाग बघितला. त्यात पोलीस अधिकाऱ्याला इमोजींचा अर्थ कळत नाही, शेवटी त्याचा स्वतःचा मुलगाच समजावतो, कुठल्या रंगाच्या बदामाचा काय अर्थ. तिथे थांबवून भाच्याला म्हटलं, आता तू मला शिकव. तासभर बोलला हो!

सुदामानगरी: तिसरा भाग मात्र नको. मानसतज्ज्ञ बाईसमोर तो मुलगा जसा अंगावर धावून जातो ते बघून मीच दचकले. शिव्याही भरपूर. आणि ताई, राग मानू नका, पण मालिकेआधी बापलेकांचं बोलणं व्हायला हवं.

गच्चीवरचा_बाप: समोर बसवून बोलायला गेलात तर “ठीक”च मिळेल. माझा मुलगा स्कूटरवर मागे बसला की बोलतो. तोंड दिसत नाही ना.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आत्या, तुमचं ऐकून काल जेवताना सहज विचारलं, निळ्या बदामाचा अर्थ काय रे? हसला. म्हणाला, “मम्मी, ये सब पुराना हो गया.” मग नवं काय आहे, ते सांगितलं नाही, पण ताट घेऊन खोलीत न जाता तिथेच बसला. सुदामानगरी, राग कसला. ह्यांना स्कूटरचं सांगितलं, तर शनिवारी त्याला सराफ्यात खायला नेतो म्हणाले. आणि दुसरा भाग लावायलाही हो म्हणाले, फक्त मी घरी नसताना लाव म्हणतात. आता हे त्याच्याशेजारी बसायला कसे तयार होतील, ते सांगा.