पीएचडीचा विषय नक्की कुणी ठरवला? अनुभव लिहा

नाशिकच्या कॉलेजांत स्टाफरूममध्ये हा वाद हमखास निघतो: बायका मुलाखती घेतात, पुरुष आकडेमोड करतात. समाजशास्त्रात असा कल अमेरिकेतल्या अभ्यासांतही दिसलाय. पण तो आवडीतून येतो, की आणखी कशातून? आपापलं सांगा. गाईडचं आणि कॉलेजचं नाव नको.

अर्थशास्त्र, बाई
मला लासलगावचा कांदा लिलाव हवा होता. कमिटीत विचारलं, "मॅडम, ट्रॅक्टरांच्या गर्दीत तुम्ही कुठे फिरणार?" मिळालं काय, तर बचत गट आणि सक्षमीकरण. आमच्या बॅचच्या झाडून सगळ्या मुलींना बचत गटच! वर सल्ला, "आकडेवारीचं मिस्टरांकडून बघून घ्या." मिस्टर मराठी शिकवतात. काय-स्क्वेअर, म्हणजे आकडेवारीची ती चाचणी, मीच लावली.

समाजशास्त्र, पुरुष
माझा विषय द्राक्षबागांतले मजूर. पेठ-सुरगाण्याहून टोळ्या दिंडोरी-निफाडला उतरतात, त्यांत निम्म्या तरी बायका. पण मी गेलो की बोलायचा मुकादम. बायका पदर सावरून कामाला लागायच्या. शेवटी प्रश्नावली काढली: मजुरी किती, दिवस किती, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "वस्तुनिष्ठ" म्हणून कौतुक झालं. पुढे आमच्या विभागातल्या मॅडम त्याच बागांत गेल्या. थिनिंगच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढायच्या वेळी त्यांनी स्वतः कात्री घेतली आणि बायकांबरोबर वेलीखाली उभ्या राहिल्या. दिवसभर हात वर धरून खांदे कसे भरून येतात, डिपिंगच्या, म्हणजे घड बुडवायच्या औषधात हात घालून कातडी कशी होते, आणि मुख्य म्हणजे उचल बाईच्या नावावर लिहितात पण पैसे नवऱ्याच्या हातात पडतात, हे सगळं त्यांना तिथे कळलं. माझ्या तक्त्यात ती उचल "महिला" रकान्यात आहे. मॅडमच्या कामाला मात्र "किस्से" म्हणाले. मला याचा आजही राग येतो.

रसायनशास्त्र, बाई
आमच्याकडे मुलाखती नाहीत, तरी तेच. रात्रभर चालणारी रिअॅक्शन मुलं लावतात. शेवटची बस गाठायची म्हणून मी दिवसात उरकणारी पद्धत धरली. लोकांना वाटतं, मला ग्रीन केमिस्ट्रीची, म्हणजे पर्यावरण जपणाऱ्या रसायनशास्त्राची ओढ!

इतिहास, बाई
माझ्यावर कुणी काही लादलं नाही, हेही नोंदवा. गोदाघाटावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. त्यांत बायका कशा येतात, नावानिशी की नुसतं "अमक्याची भार्या", एवढंच मला शोधायचं होतं. "बायकांचा विषय म्हणजे सोपा" म्हणणाऱ्यांनी एकदा ती मोडी वाचून दाखवावी.

वाणिज्य, नुकतीच नोंदणी
यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला जास्तीत जास्त ६ वर्षं, बायकांना वर २ वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "लग्नाचं काय?" मग म्हणाले, फील्डवर्क नको, कंपन्यांचे वार्षिक अहवाल घे, घरबसल्या होतं. माझ्या बरोबरच्या मुलाला सातपूर-अंबडचे कारखाने दिलेत. त्याला खरं तर अहवालच हवे होते.