सामायिक पैसा: पेरणी, लग्न, देणगी आणि एफडी, मेळ कसा घालता?

प्रश्न (आर्वीकडचा):
नमस्कार मंडळी. आम्ही तीन भाऊ एकत्र, कपाशी-तुरीची शेती अन् गावात कृषी केंद्र. रस्त्यात गेलेल्या शेताचा मोबदला सामायिकच ठेवलाय, बहुतेक पाच वर्षांच्या एफडीत, थोडा प्लॉटमध्ये. आता बाबांना गावच्या जि.प. शाळेला दोन खोल्या बांधून द्यायच्या आहेत, पुतणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, जूनमध्ये बियाणं-खत-मजुरी आहेच, आणि दुकानाची उधारी तर कापूस निघाल्याशिवाय वसूल होत नाही. कागदावर पैसा भरपूर, हातात काहीच नाही. बाबांना नाही म्हणवत नाही पण एफडी मोडणंही जिवावर येतं. काय करावं?

यवतमाळकर:
भाऊ, पैसा कधी लागणार त्यावरून वेगळा काढा. जून ते दिवाळीचा सगळा खर्च बचत खात्यात नाहीतर लिक्विड फंडात (कमी मुदतीचा म्युच्युअल फंड), तिथे सात दिवसांनंतर काढलं तर एक्झिट लोड, म्हणजे काढण्याचा आकार, नाही. पुतणीच्या लग्नासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल, मिळतो, जेवढे दिवस वापरला तेवढंच व्याज, उधारी आली की भरून टाका. पैसा आहे म्हणून पीक कर्ज सोडू नका, 3 लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर 4 टक्क्यांनी पडतं. आणि सगळं एकाच बँकेत, एकाच नावावर आहे का ते पहा, बँक बुडाली तर ठेवीचा विमा प्रत्येक बँकेत माणशी 5 लाखांचाच आहे. प्लॉट मात्र अडचणीच्या वेळचा पैसा समजू नका, गिऱ्हाईक, इसार, रजिस्ट्री यात महिने जातात.

वऱ्हाडी भाऊ:
मले देणगीचं बोलायचं आहे. बाबांची इच्छा मोडू नका जी, पण मुद्दलाले हात लावू नका. आमच्या घरी कापसाचा शेवटचा वेचा झाला का सारे बसतात, वर्षाचं व्याज किती आलं ते पाह्यतात, त्यातला ठरलेला हिस्सा देणगीसाठी, अन् तो वहीत वेगळ्या पानावर लिवतात. मंग सप्ताहवाले येवो का मंडळवाले, त्या पानावर उरलं तेवढंच. यंदा एक खोली बांधा, दुसरी पुढच्या साली. शाळा व्यवस्थापन समिती अन् ग्रामपंचायतीशी आधी बोला, परवानगी लागते. करात सूट मिळन म्हणून हिशोब धरू नका, नव्या कररचनेत देणगीवरची सूट नाही, अन् जुन्या रचनेतही 2000च्या वर नगद दिलं तर सूट नाही.

अमरावतीची सून:
आईबाबा साठीच्या वरचे असतील तर त्यांच्या वाट्याचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, माणशी 30 लाखांपर्यंत चालतात आणि व्याज दर तिमाहीला त्यांच्याच खात्यात येतं. सासऱ्यांचं आम्ही तसंच केलं, ते त्यातूनच देतात, कोणाला विचारावं लागत नाही आणि त्यांचा मानही राहतो. पण ती योजना 5 वर्षांची आहे, आधी काढलं तर कापतात, म्हणून दवाखान्याचा पैसा आधी बाजूला. आणि हिशोबाला बसाल तेव्हा तिघी जावांना बसवा दादा, किराणा अन् मुलांच्या फिया त्यांनाच माहीत असतात.

प्रश्न विचारणारा:
आभार सगळ्यांचे. सगळ्या एफडी एकाच बँकेत आहेत, त्यातल्या दोन दिवाळीआधीच पिकतात हे आता पावत्या काढल्यावर दिसलं. त्यातली एक दुसऱ्या बँकेत बाबांच्या नावावर टाकतो. एका खोलीचं बाबांशी रात्री बोलतो.