मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी चौदा लाखांचे कर्ज काढावे का?

प्रश्न (जत तालुक्यातील पालक):

नमस्कार. माझ्या मुलीला यंदाच्या सीईटीत चांगले गुण मिळाले असून कॅप (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तिला इलेक्ट्रिकल शाखा मिळाली आहे. त्याच वेळी पुण्यातील एका नामांकित अभिमत विद्यापीठात कॉम्प्युटर शाखेत जागा मिळत असून तिथे वर्षाला साडेतीन लाख रुपये शुल्क आहे आणि वसतिगृहाचा खर्च वेगळा. मी पतसंस्थेत कारकून आहे, दोन एकर द्राक्षबाग आहे, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. आम्ही ओबीसी प्रवर्गात येतो.

मुलीचा कल कॉम्प्युटरकडे आहे. नातेवाईक म्हणतात की मोठ्या नावाच्या कॉलेजात घातले की नोकरीची चिंता मिटली, कर्ज काय, ती स्वतःच फेडेल. पण चौदा लाखांचा आकडा डोळ्यांसमोर आला की रात्री झोप लागत नाही. तिच्या इच्छेआड येण्याचे पाप माझ्या हातून होऊ नये, एवढेच मला वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त बँक अधिकारी, सांगली):

दादा, मी पंधरा वर्षे शैक्षणिक कर्जांची प्रकरणे हाताळली आहेत, त्यामुळे आधी हिशेब मांडतो. दरवर्षी साडेतीन लाख याप्रमाणे चार वर्षे कर्ज उचलले, व्याजदर दहा टक्के धरला आणि शिक्षण संपल्यावर हप्ता न भरण्याची एक वर्षाची सवलत घेतली, तर सरळव्याजानेही हप्ता सुरू होईपर्यंत ४ लाख ९० हजार रुपये व्याज साठते. म्हणजे फेडायला सुरुवात होते ती १८ लाख ९० हजारांवर. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता जवळपास २५ हजार रुपये बसतो आणि एकूण परतफेड सुमारे ३० लाखांवर जाते. मुलीच्या पहिल्या पगारातून हा हप्ता वजा करून पुण्यात राहण्याजोगे काय उरते, ते तिच्यासोबत बसून कागदावर लिहून पाहा.

दुसरी गोष्ट तारणाची. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यापुढे बँक तारण मागते. आपली द्राक्षबाग तिथे कामाला येईल असे समजू नका. थकीत कर्जाचे तारण बँकेला थेट ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नसल्याने बहुतेक बँका घर किंवा बिगरशेती प्लॉटच मागतात, म्हणजे राहते घर गहाण पडण्याची वेळ येते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतील दर्जेदार संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलतही आहे, मात्र वर्षाला एक लाखच विद्यार्थ्यांना. ते विद्यापीठ यादीत आहे का, हे आधी पाहावे. शैक्षणिक कर्जावरील आयकर सवलतीचे आकर्षण कुणी दाखवले तर ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि फक्त व्याजावर मिळते, हे ध्यानात असू द्या. आपल्या उत्पन्नावर तिचा फारसा लाभ नाही.

उत्तर २ (अभियांत्रिकी प्राध्यापक):

कर्जाइतकीच मोठी एक बाब इथे राहून गेली आहे, ती मी आग्रहाने मांडतो. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क शंभर टक्के माफ आहे. पण ही माफी कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच लागू होते. अभिमत विद्यापीठे, खासगी विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा तिच्यातून वगळलेले आहेत. म्हणजे आपण साडेतीन लाख आणि शासकीय शुल्क यांची तुलना करत नाही आहात, तर साडेतीन लाख आणि शून्य यांची करत आहात. कराडला आपला खर्च उरतो तो वसतिगृह, मेस आणि किरकोळ शुल्कांचा.

आता नावलौकिकाविषयी. माहितीपत्रकावरचे सर्वोच्च पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते, ते आपल्या मुलीचे नव्हे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना दिलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिच्यात वेळेत पदवी पूर्ण केलेले विद्यार्थी किती, नोकरी मिळालेले किती आणि त्यांच्या वेतनाचा मध्यांक किती, हे वर्षनिहाय दिलेले असते. दोन्ही संस्थांचे हे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. मात्र ते सर्व शाखांचे एकत्रित असतात, म्हणून संबंधित विभागातील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकलमधला फरक कळणार नाही.

कराडचे महाविद्यालय १९६० पासून चालू आहे आणि माजी विद्यार्थ्यांची पिढीजात साखळी तिथे आहे. इलेक्ट्रिकल शिकत असताना कॉम्प्युटर विषयात मायनर (मुख्य शाखेसोबतची जोड) पदवी करता येते का, हे विभागात नक्की विचारा, कारण मुलीची ओढ त्या बाजूला आहे आणि ती मारून टाकण्याची गरज नाही.

उत्तर ३ (पुण्यात नोकरी करणारी, मूळची सोलापूरची):

काका, मी असेच नऊ लाखांचे कर्ज काढून खासगी विद्यापीठात शिकले. प्रामाणिकपणे सांगते, कॅम्पसवर कंपन्या आल्या, मला शेवटच्या वर्षीच नोकरी मिळाली, आणि त्या कंपन्या माझ्या गावाजवळच्या कॉलेजात आल्या नसत्या. पण गेट या एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत चांगला क्रमांक आला तेव्हा मला एमटेकला जाता आले नाही, कारण दरमहा सोळा हजारांचा हप्ता सुरू झाला होता आणि विद्यावेतनात तो बसत नव्हता. बाबांनी एकदाही बोलून दाखवले नाही, पण पगाराच्या दिवशी माझ्याआधी तेच हप्त्याची आठवण ठेवायचे. माझ्या वेळी मुलींना शुल्कमाफी नव्हती. असती तर मी फॉर्म भरताना जास्त विचार केला असता. ताईला हा हिशेब तुम्ही सांगण्यापेक्षा तिलाच मांडू द्या.

मूळ प्रश्नकर्ते:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीने स्वतः वही घेऊन हप्त्याचा हिशेब केला आणि बराच वेळ गप्प बसून राहिली. मग तिनेच कराडच्या दोन सीनियर मुलींचे नंबर मिळवले. मायनर पदवीला प्रवेश गुणांवर मिळतो, असे त्या म्हणाल्या. पुण्याच्या विद्यापीठाने जागा राखण्यासाठी पन्नास हजार भरायला सांगितले होते, ते आम्ही अजून भरलेले नाहीत. एक शंका राहते. आमच्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत संपत आली आहे. कॅपमध्ये तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो असे ऐकले, म्हणून उद्या सकाळी तहसील कार्यालयात जात आहे. सोबत उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय आणखी काय न्यावे, कुणाला माहीत असल्यास आज रात्रीच कळवावे.